बेंबीवरची रेघ

सोमवार, ३

आले एकदाची! पहिली नोकरी, तीही राहून-खाऊन. फिजिओथेरपीचा डिप्लोमा हातात पडून चार महिने झाले होते आणि घरचे माझ्याकडे असं बघायला लागले होते की जणू मीच पेशंट. आता इथे तिसऱ्या मजल्यावर मला स्वतःची खोली आहे, खिडकी आहे, आणि खिडकीखाली एक स्कूटर, जी अर्धा तास किका खाऊनही चालू झाली नाही.

घरात तीन माणसं. पोरगी नऊ वर्षांची, सगळे तिला भिंगरी म्हणतात. चौदा महिन्यांपूर्वी मणका मोडला. बेंबीपासून खाली काही हलत नाही, काही कळत नाही. नाव आधीचंच. बदलायचं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि धीर झाला नाही. तिची आई शाळेत पीटी शिकवायची. शेजारीपाजारी, दुकानदार, खुद्द नवरा, सगळे तिला बाईच म्हणतात. मीही दहा मिनिटांत म्हणायला लागले. वडील प्लंबर. त्यांना मी काका म्हणायचं ठरलं. पुढच्या खोलीतलं सगळं सामान काढून त्यांनी तिथे चालायच्या सरावासाठी पाइपांचे दोन कठडे बसवलेत. सांधे इतके गुळगुळीत घासलेत की आमच्या कॉलेजात असे नव्हते.

भिंगरीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, तू किती दिवस टिकणार? आधीच्या दोघी पळाल्या. मी म्हटलं, मी भयंकर चिकट आहे. ती म्हणाली, बघू.

मंगळवार, ४

कामाला जुंपले. सकाळी लघवीची नळी, अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाड बघणं. लाल डाग दिसता कामा नये. मग माझी तपासणी. तिने डोळे मिटायचे, मी कापसाने आणि बोथट टाचणीने मांडीपासून वर वर जायचं, कळलं की तिने हूं म्हणायचं. जिथे पहिला हूं येईल तिथे बॉलपेनने रेघ मारायची. रेघ आली बरोबर बेंबीवर. फायलीतही तेच आहे. एवढ्यात माझं नाव टोचणीताई पडलं.

मग व्यायाम. आम्हाला शिकवलेली पद्धत अशी की आम्ही पाय उचलायचा आणि त्याच वेळी पेशंटने मनातल्या मनात त्याला उचल म्हणायचं. भिंगरीने ते कधीच सोडून दिलंय. म्हणाली, मी रोज सांगायचे, कुणी ऐकत नाही, मग कशाला तोंड वाजवू? म्हणून आता बाई सांगतात. पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभ्या राहतात आणि पायांना हुकूम देतात. डावा वर. डावा खाली. आवाज भिंतीवर आपटून परत येतो. मी हसून विचारलं, बाई, नक्की कुणाला सांगताय? त्या म्हणाल्या, ज्याला ऐकायचंय तो ऐकेल. वीस वर्षं त्यांनी चारशे पोरं एका शब्दावर वळवली आहेत.

व्यायाम सुरू झाला की काका स्वयंपाकघरात जातात आणि उगाच भांडी आपटत बसतात.

शुक्रवार, ७

डाव्या पायाचा अंगठा हलला.

मी लगेच सांगून टाकलं की असे झटके येतात, स्नायू आपले आपण आखडतात, त्यात हुरळून जाण्यासारखं काही नाही. बाई म्हणाल्या, बरं. आणि अंगठ्याला म्हणाल्या, वर. गेला. थांब. थांबला. दहापैकी नऊ वेळा. झटका असा कुणाचं ऐकत नाही. बाईंनी काकांना हाक मारली. काका ओल्या हातांनी धावत आले, रडले, मग म्हणाले की या घरात एक अंगठा तरी शिस्तीत आहे.

मीही नाचले. खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी रेघ मारली तर बेंबीच्या वर दोन बोटं आली. कापूस ओला असणार.

मंगळवार, ११

गुडघे वाकतात. घोटे फिरतात. मी आता हात लावतच नाही, नुसती बाजूला उभी असते. बाई आंघोळीला गेल्या की हुकूम मी द्यायचे असं ठरलंय. पहिल्या दिवशी पाय ढिम्म. दुसऱ्या दिवशी मी बाईंसारखा पोटातून आवाज काढला आणि उजवा पाय सरळ वर. अंगावर काटा आला, आणि इथेच लिहिते, आवडलं मला ते.

काकांनाही करून बघा म्हटलं. ते पलंगाशी वाकून हळूच म्हणाले, उचल गं बाळा. काही नाही. माझं कोण ऐकतं इथे, म्हणाले आणि परत भांड्यांकडे गेले.

भिंगरीला विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, काहीच नाही वाटत. तुम्ही ओरडता तेव्हा कळतं की हलले असतील.

रेघ बरगड्यांच्या खालच्या कडेवर. कापूस कोरडा होता. तीनदा तपासलं.

शनिवार, १५

आज चालली. कठड्यांमधून आठ पावलं, बाईंच्या एक-दोन एक-दोनवर. समोरच्या काकू दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी भिंगरीचा चेहरा बघत होते. ड्रायव्हर नसलेली बस उतारावर सुटावी आणि आपण आत बसलेलो असावं, तसा.

दुपारी तिने माझी ओढणी मागितली. पाय पलंगाला बांध म्हणाली. मी म्हटलं, वेडी का, चालतेस की तू. ती म्हणाली, मी नाही चालत, ते चालतात. मग पहिल्यांदाच तिने अपघाताबद्दल सांगितलं. शाळेच्या हॉलमध्ये लाकडी घोड्यावरून उड्या मारायचा तास होता. ती घाबरली होती, तिला मारायची नव्हती. बाईंनी ओरडून सांगितलं, उडी! आणि पाय धावले. टोचणीताई, मी थांबा म्हणत होते, पण आई म्हणाली ना. त्यांना आईचंच ऐकू येतं.

रेघ छातीच्या मध्यावर आलीय. म्हणजे तिची जी काही आहे ती आता तेवढीच, वरची.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रेघ वर चढत असेल तर मज्जारज्जूच्या आत पाणी साठत असणार, उद्याच्या उद्या घेऊन या, हे थांबण्यासारखं नाही. मी म्हटलं, पण ती चालतेय. त्यांनी परत विचारलं, चालतेय? मग म्हणाले, मग तुमची रेघच चुकतेय.

बाईंना सांगितलं. त्या आधी तडकल्या, तू आधी रेघ मारायला शीक म्हणाल्या. मग माझा हात धरला आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या की अगं पोरी, तिथे नेलं की तिला आडवी करतील, पाठ उघडतील, पुन्हा चौदा महिने. मी उडी म्हटलं होतं तिला. मी. एकदा तिला त्याच हॉलमधून चालत जाऊ दे. बुधवारी शाळेत बोलावलंय. गुरुवारी तू म्हणशील तिथे नेऊ.

काका जमिनीकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, गुरुवार काही लांब नाही.

मंगळवार, १८

रेघ गळ्याच्या हाडावर.

जेवताना तिच्या हातातून चमचा पडला. ती चमच्याकडे बघत राहिली, हाताकडे बघत राहिली. बाई म्हणाल्या, उचल. हाताने उचलला. घास घे. हाताने घास तोंडाशी नेला. भिंगरीने तोंड उघडलं नाही, तरी हात ओठांवर चमचा आपटत राहिला, शांतपणे, जोपर्यंत बाईंनी थांब म्हटलं नाही.

तिचा आवाज बारीक झालाय. माझ्या कानाशी म्हणाली, तू सांगशील ना आईला, थांबव म्हणून? मी म्हटलं, सांगते. वचन दिलं.

सांगितलंही. बाई म्हणाल्या, उद्याचा दिवस जाऊ दे, नाहीतर तुझी बॅग भर. मी बॅग भरली नाही. गप्प बसले. तिला इथे सोडून कशी जाऊ, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण घरी परत जायची लाज. पहिली नोकरी, पंधरा दिवस.

बुधवार, १९

शाळेचा हॉल. सगळ्या तुकड्या रांगेत. भिंगरीला जुना गणवेश घातला होता, तो आखूड झालाय. बाई स्टेजवर उभ्या. चल, म्हणाल्या.

ती चालली. कठड्याशिवाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरं ओरडत होती, मुख्याध्यापिका रडत होत्या, काका रडत होते. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं — आणि थांब म्हणायचं राहून गेलं.

भिंत आली. भिंगरी भिंतीला टेकली आणि पाय चालतच राहिले. एक-दोन. एक-दोन. नाक भिंतीवर. बूट घासत होते. टाळ्या चालूच होत्या. मी पळत गेले आणि थांब म्हणून किंचाळले.

नाकातून रक्त. तिला कळलं, कारण नाक अजून तिचं आहे.

रेघ मारलीच नाही. हनुवटीखाली आता जागा कुठाय.

गुरुवार, २०. सकाळी ७.४०

ओठ निळे. छाती हलत नव्हती. डोळे उघडे, माझ्याकडे. बाई धावत आल्या आणि सवयीने ओरडल्या — श्वास घे!

घेतला.

आणि धरून ठेवला. बाईंच्या लक्षात यायला किती वेळ लागला. सोड, म्हणाल्या. सोडला. पुढचा आला नाही. घे. सोड. घे. सोड.

तेव्हा बाईंचा चेहरा मी बघितला. कळलं त्यांना. सगळं एकदम.

८.१५

काकांनी सगळीकडे फोन केले. श्वासाचं मशीन असलेली गाडी एकच आहे, ती दुसरीकडे अडकलीय. उचलून खाली न्यायला निघालो — लिफ्ट बंद. जिन्यात बाईंना धाप लागली, दोन श्वास चुकले, पोरगी काळीनिळी. परत वर.

मी तोंडाने फुंकून बघितलं. छाती वर येतच नाही. सांगितल्याशिवाय दार उघडत नाही कुणी.

काकांनी तिच्या छातीवर डोकं ठेवून सांगितलं. घे गं राणी. माझ्यासाठी एकच घे. नाही. त्यांचा आवाज तिथे कुणाला माहीतच नाही.

डॉक्टर फोनवर म्हणाले, गाडी निघेल, जे करताय ते करत राहा, आणि वेळ लिहून ठेवा. म्हणून लिहितेय.

१०.०५

बाई अडीच तास न थांबता. घे, सोड. आवाज आधी फाटला, मग घोगरा, मग नुसती हवा. आता मी. माझं ऐकतं. ११ तारखेला मीच शिकवलंय ना.

बाई पलंगाशी गुडघ्यांवर. ओठ हलतायत, आवाज नाही. भिंगरी त्यांच्याकडे बघत नाही.

१०.४०

घे. सोड. काका खाली फाटकाशी, गाडीला रस्ता दाखवायला.

भिंगरीचे ओठ अजून तिचे आहेत. आवाज नाही, पण आकार कळतो. ती काहीतरी म्हणतेय. तेच तेच. बाईंनी वाचलं आणि जोरजोरात मान हलवली, नाही, नाही.

मलाही कळलं. पुरे म्हणतेय.

मी वाचलंच नाही असं दाखवलं. घे, म्हटलं. तिने घेतला. तिने नाही — त्याने.

मी बाईंपेक्षा वेगळी कुठे आहे.

११.१०

घे सोड घे सोड. जीभ चिकटतेय. पाणी प्यायचं तर एक श्वास चुकतो — तिचा. एकदा प्यायले. ती बघत होती.

बाई माझा गळा चोळतायत. दोन्ही हातांनी. मशीनला तेल घालावं तसं.

११.२५

आवाज चिरकतो — दहातला एक ऐकत नाही. परत म्हणावं लागतं. पोटातून काढ, पोटातून — बाई पोटावर हात ठेवून दाखवतायत —

११.३२

भोंगा! खाली. काका ओरडतायत. तीन मजले. मशीन जड आहे — जिना —

घे. सोड. घे. सोड. येतायत गं. येतायत.

११.३४

घे म्हटलं. घेतला. मोठा.

आता सोड म्हणायचंय. फक्त सोड.

येत नाही. तोंड उघडतंय — हवा —

बाईंकडे बघितलं — त्यांचंही तोंड उघडं —

धरून आहे. छाती तशीच वर. जिन्यात पावलं — दुसरा मजला असेल — ती माझ्याकडे बघतेय, डोळे मोठे, किती मोठे — सो

सो—