कॉर्नेलियसची पाटी

कॅरी, रविवार संध्याकाळ

कॉर्नेलियस गावाहून आत्ताच परतलो. ती पाटी डोक्यातून जात नाही.

गावात शिरताना पाटी दिसली तशी माझी लेक मीरा माझ्या बाबांना म्हणाली, "आबा, हे एका एन्शंट रोमन फॅमिलीचं नेम आहे." झालं! बाबांना वाटलं, त्या घराण्यातलं कोणीतरी अजून गावात असणारच. कॅफेतल्या मुलीला विचारायला लावलंच त्यांनी मला. ती नुसती हसली. मी बाबांवर चिडलो. कशाला चिडलो?

मग तळ्यावर गेलो. मी सहज बोलून गेलो, "हे तळं नाही बाबा, धरणाचं पाणी आहे."

बाबा जागीच थांबले. "खाली कुणाचं गाव होतं?"

मला कुठे माहीत! आमचं कासोळे धरणात गेलं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आडनावात कासोळकर उरलं, एवढंच.

परतताना बाबांनी गाडी थांबवायला लावली. त्या पाटीवर हात ठेवून उभे राहिले, म्हणाले, "फोटो काढ."

मी काढला.

"निघताना आपल्या गावची पाटी उपटून आणायला हवी होती रे. तुला दाखवायला काहीतरी असतं."