सायबिणीची साखळी

मांय, ती परत आलीय. तुझी ती बाई, तू आपल्या घरात कामाला ठेवलेली. आता पार म्हातारी झालीय. डिचोलीला भाच्याकडे राहायची, त्याने घराबाहेर काढलं म्हणते. खरं-खोटं देव जाणे. मी रिटायर होऊन वास्कोहून चोपड्याला आपल्या या घरी परतले, आणि महिनाभरात ही पिशवी घेऊन दारात उभी. “बाय, मी हंय रवू?”

तू कोंकणीत बोलायचीस आणि मी मराठी शाळेत शिकले, म्हणून हे मराठीत लिहितेय. तुझ्याशी भांडायला मला हीच भाषा पुरते.

तुला ती सायबीण आठवते ना? वाड्यावरून घरोघर फिरत जेजूच्या आईची ती मूर्ती आपल्याकडे मुक्कामाला आली होती. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जपमाळ ओढत तेर्स म्हटला, तू उकडलेले चणे वाटलेस. सकाळी मूर्ती शेजारच्या घरी न्यायची वेळ झाली, तर तिच्या गळ्यातली सोन्याची साखळी नाही. मी त्या बाईला पहाटे मूर्तीच्या आल्तारावरची फुलं बदलताना पाहिलं होतं. ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. मग काय, नवऱ्याने टाकलेली, सावंतवाडीकडून आलेली, आपल्या धर्माची नव्हे. कोणाला आणखी पुरावा नको होता. तिचं बोचकं उघडा, असं शेजारीण ओरडली. तू उंबऱ्यात उभी राहिलीस. “पयलीं म्हजी पेटी सोदात,” म्हणालीस. तुझी पेटी उघडायची कोणाची छाती होणार? सगळे खाली बघायला लागले. मग तू स्वतःच्या लग्नातली साखळी गळ्यातून काढलीस आणि सायबिणीला घातलीस.

मी चिडले होते. लोक गेल्यावर तुला म्हटलं, “तिनेच घेतली असेल तर?”

“तुवें पळयलें?”

“घेताना नाही पाहिलं. पण...”

“मागीर ओगी राव.” असं मला गप्प केलंस आणि चुलीपाशी वळून म्हणालीस, बायबलातल्या त्या बाईला मारायला धोंडे घेऊन लोक उभे होते ना, त्यांत जेजू नव्हता गो.

पण मांय, आठवड्याने ती दोन दिवस गावाला गेली. बहीण आजारी आहे म्हणाली. तू जाऊ दिलंस, वर वाटेसाठी पाव बांधून दिलेस. मी तेव्हापासून तिच्या हातांकडे बघत आलेय. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी दर रविवारी वास्कोहून यायचे, तुझ्या औषधाच्या बाटल्या हुंगायचे, पेटी उघडून बघायचे. कधी काही कमी नव्हतं. याचाही मला संशय यायचा. तू गेलीस ती तिच्या मांडीवर डोकं ठेवून. मी बसमध्ये होते.

आली त्या दिवशी ती दारापुढच्या बाल्कांवात माझ्यासमोर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, चहाची कपबशी चाचपत उचलत होती. शेजारीण कुंपणावरून हळूच सांगून गेली, “सांभाळून हां.” मी तिच्याकडे इतका वेळ टक लावून बघत होते की तिलाही ते जाणवलं असावं. कप खाली ठेवून म्हणाली, “इचार बाय. काय इचारूचा आसा ता इचार.”

इतक्या वर्षांचा प्रश्न जिभेवर होता. हो म्हणाली असती तर मी तिला हाकललं असतं का? नाही म्हणाली असती तर विश्वास ठेवला असता का? दोन्हींचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि दोन्ही उत्तरांत ती रस्त्यावरच होती. समोर भुकेने सुकलेला एक चेहरा होता.

“जेवलीस?” मी विचारलं.

ती रडली नाही, काही नाही. फक्त नाही म्हणून मान हलवली. मी शीत आणि कढी वाढली. मागची खोली झाडून दिली. ती तिथेच राहते.

तुला वाटेल, शेवटी लेक शहाणी झाली. म्हणून हे सांगायला हवं. पत्र कुठे टाकायचं नाहीये, तरी सांगते. आज मासळीला जाताना मी कपाटाला कुलूप लावलं. वळले तर ती दारात. कुलपाचा आवाज तिने ऐकला होता. “सावकाश जा बाय,” म्हणाली. फाटकापाशी मी क्षणभर थांबले, मांय. पण परत जाऊन कुलूप काही काढलं नाही.