ओली पट्टी

भंडारा, दवाखान्यातून
गुरुवार, ७ एप्रिल २०२२

रश्मीले पार्वतावहिनीचा जयभीम.

तू फोन उचलत नाही म्हणून लिहून राहिली. तुमच्या फॅक्टरीतले पुंडलिकराव जवाहरनगरले परत जाऊन राहिले, त्यांच्या हाती देते. अक्षराले हसू नको, चौथीनंतर पेन धरला कुठं. घरी पोरं बरी आहेत. उन्हाळी धान लोंबीवर आलं. तुझ्या भावाचा पाय तसाच आहे.

उकळत्या धानाचा गंज, ते मोठं भांडं, चुलीवरून उतरवताना त्याच्या पायावर सांडला, तेव्हा तू फॅक्टरीच्या दवाखान्यातली ड्युटी सोडून आली, थंडगार जेलची पट्टी लावली, तीन दिवस हात लावू नका म्हणाली. पट्टी दुसऱ्याच दिवशी निघाली, जखम चिघळली. तुझ्या पट्टीनंच पाय सडवला असं मी मोहल्लाभर बोलली. तुले घरात येऊ नको म्हटलं.

इथल्या डॉक्टरलेही तेच सांगितलं. त्यानं कागदावर लिहून टाकलं, या पेशंटले जेल चालत नाही. आता सोमवारी मांडीचं कातडं काढून पायाले लावणार. तुझ्या भावाले शुगर. मांडीची जखम तरी भरेल का, डॉक्टर हमी देत नाही. जेल चालत असतं तर आधी आठ-दहा दिवस तेच लावून पाहिलं असतं, म्हणाला.

पट्टी निघाली नव्हती, रश्मी. मी ओढली. पांढरी झाली होती, फुगली होती, खाली ओलं ओलं. मले वाटलं पू धरला. ओली जखम सडते, कोरडी भरते, एवढंच मले माहीत. पाय उन्हात ठेवला आन् वरून तुसाची राख दाबली. तू विचारलं तेव्हा काहून खोटं बोलली? तू नर्स, मी अडाणी. शेजारणींच्या समोर तू मले शिकवून राहिली होती. ते झोंबलं.

काल तुझा भाऊ म्हणाला, "मी मेलो तरी रश्मीले कळवू नका." मी भात कालवत बसली होती. तशीच कालवत राहिली.

उद्या सकाळी डॉक्टर पट्टी बदलायले येईल. त्याले राखेचं सांगणार आहे, तुझ्या भावाच्या समोर. मंग तो मले ठेवेल का हाकलेल, पाहून घेईन. कागद बदलला पाहिजे.

तुले दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून आधी लिहिलं. माफ कर म्हणत नाही. यायचं तर ये. नाही आली तरी मी सांगणार.

तुझ्यावर खोटा आळ घेतला ती,
तुझी वहिनी
पार्वता