बिनउंबऱ्याची दारं

सोलापूर, मंगळवार

तीर्थस्वरूप गोदाक्का हिस,
धाकट्या महेश्वरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. खरोखर घातला तर उठवायला दोघं लागतात.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की दुधनीतच मुक्काम ठोकलाय त्यानं? फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुझा वरद फोन स्पीकरवर ठेवतो आणि माझं बोलणं संपायच्या आत सल्ला देतो.

आप्पांचं हार्डवेअरचं दुकान मिटवून मी त्या नव्या भल्यामोठ्या दुकानात लागलो, हे तुला ठाऊकच आहे. घराला लागणारं सगळं एका छताखाली मिळतं. मला दारांपाशी उभं केलंय. दारंच दारं, आणि एकही कुठं जात नाही. उघडलं की पलीकडं भिंत. पहिल्या दिवशी एक दार उघडताना मी सवयीनं चप्पल काढली. ती संध्याकाळी रंगांच्या डब्यांमागं सापडली. आणि अक्का, आल्यापासून माझ्या हातून एकही दार खपलेलं नाही. आमच्या मॅनेजर देवयानी मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या, पोरगी गुणाची, पण परवा स्पष्टच म्हणाल्या, काका, महिनाअखेरपर्यंत एक तरी दार विका, नाहीतर तुम्हाला ठेवणं अवघड आहे. या वयात दुसरीकडं मला कोण घेणार?

रविवारी गिऱ्हाईक चालून आलं की. उजनीकाठचे रावसाहेब आणि त्यांची मंडळी येसूबाई. मुलाचं लग्न ठरलंय म्हणून पुढचं दार नवं करायचं. (घर उसावर बांधलं, दार केळीवर घेतो, हे रावसाहेबांनीच सांगितलं.) दार पसंत पडलं, मॅडम लांबूनच हसल्या, मी बिल करायला वळलो, तोवर येसूबाई खाली वाकल्या. "आवं, ह्याला उंबराच न्हाय की. सून माप कशावरनं वलांडायची?"

आता अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला शिकवलेलं आहे. हल्ली उंबरा कुणी ठेवत नाही, पाय अडखळतो, झाडायला सोपं जातं, वगैरे. ते ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं, कारण मला आपलं दुकान आठवलं. मोडकी बिजागरी वर्तमानपत्रात गुंडाळून लोक आणायचे आणि अशीच द्या म्हणायचे. आप्पा कपाळावरचा चष्मा खाली घेऊन ती उलटीसुलटी बघायचे आणि निम्म्या वेळा तेल घालून परत द्यायचे. (आई आतून विचारायची, दुकान चालवताय की दवाखाना?) गंज, तेल आणि आप्पांची तंबाखू, असा वास होता त्या दुकानाला. इथं एसीत कशालाच वास नाही गं. लई आठवण येते.

तर मी बिल सोडून विचारलं, जुनं दार कसलं आहे? सागवानी, म्हणे, तळाशी कुजलंय. मग माझ्या तोंडून आप्पाच बोलायला लागले. कुजलंय तेवढं कापा, खाली पट्टी मारा, सून आहे त्याच उंबऱ्यावरून घरात येऊ द्या. येसूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बिजागऱ्या तेवढ्या घेतल्या, मला लग्नाचं आवतण दिलं आणि दोघं गेले. मॅडमनी सगळं कॅमेऱ्यात पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात महिनाअखेरीला पेनानं गोल करून गेल्या, त्याचीच धास्ती वाटते.

असो. दाजींना नमस्कार, वरदला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
महेश्वर

ता. क. ज्यासाठी लिहायला बसलो तेच राहिलं. वरद तुमचं पुढचं दार बदलायचं म्हणतोय ना? मग ते माझ्याकडूनच घ्या, म्हणजे माझी नोकरी राहील. उंबऱ्याचं बघू काहीतरी.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवलेलं फाडून लिहितोय. ते दार बदलू नका. तुझ्या लग्नात आप्पांनी रुखवतात पितळी कडी मांडली होती आणि सगळा मांडव हसला होता, ती त्या दाराला आहे. मॅडमना विचारून आलो, न्हाणीघराचं प्लास्टिकचं दारसुद्धा चालतं म्हणाल्या. तेवढं एक घे. (न्हाणीघरात माप कोण ओलांडतंय?) सोमवारी माझी सुट्टी असते. दार टेम्पोत टाकून आणतो आणि तुझ्या जुन्या दाराला पट्टी मारून देतो. आल्यावर कडी आप्पांसारखी दोनदा वाजवीन. कोण म्हणून विचारू नकोस, उघड.