कोपरपाटी आणि सानपाड्याचं घर

मी, श्रीमती वैजयंती रघुनाथ खानविलकर, वय वर्षे एकसष्ट, राहणार सानपाडा, नवी मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकात किंवा गोडीगुलाबीत न येता लिहवून घेत आहे. लिहवून घेत आहे, कारण संधिवाताने माझी बोटं वाकडी झाली आहेत. डोकं सरळ आहे. लेखनिक शेजारच्या जयमालाबाई ठोसर. त्यांनी प्रत्येक कलम मला वाचून दाखवलं आहे. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, तरी त्या वाचत असताना मी कागदाकडे बघत होते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं.

१. घर. राहती सदनिका माझ्या स्वकष्टार्जित कमाईची असून माझ्याच नावावर आहे. सोसायटीकडे नॉमिनी म्हणून मुलगा निशांत याचं नाव नोंदवलेलं आहे. नाव नोंदवलं म्हणजे घर आपलं झालं, अशी त्याची समजूत आहे. ती मी दुरुस्त केलेली नाही. तो या समजुतीत असला की माझी औषधं वेळेवर येतात. घर माझ्या पश्चात निशांतला मिळावं.

२. कोपरपाटी. केबल आली, रिमोट आला आणि मी माझ्याच घरात पाहुणी झाले. रिमोटचे ते वाटाण्याएवढे रबरी दाणे माझ्या बोटांना दबेनात. "निशांत, जरा बातम्या लाव रे," म्हणावं, तर तो क्रिकेट लावून म्हणणार, "आई, एकच ओव्हर." दुसऱ्याच्या बोटांनी टीव्ही बघणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी भाकरी खाणं. मी कारखान्यात बावीस वर्षं रेडिओ जोडलेले आहेत. रिमोटच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक आहे. स्टेशनजवळचे टीव्ही दुरुस्तीवाले हौसेराव पिसाळ यांना मी घरी बोलावलं.

"काकी, रिमोट फोडल्यावर ग्यारंटी राहत न्हाई बगा," ते म्हणाले.

"माझी तरी कुठे राहिली आहे?" मी म्हटलं.

मी सांगायचं आणि त्यांनी तारांना सोल्डरचे डाग द्यायचे, असं करत खुर्चीच्या दोन हातांवर बसणारी एक लाकडी पाटी तयार झाली. तिच्यावर साबणाच्या वडीएवढ्या पट्ट्या: एक चालू-बंदची, दोन चॅनेलच्या, दोन आवाजाच्या. कोपराने दाबायच्या. पहिल्या स्प्रिंगा इतक्या हलक्या होत्या की हात नुसता टेकला तरी कीर्तन जाऊन कुस्ती लागायची. मग जड स्प्रिंगा आल्या, कोपर घसरू नये म्हणून लाकडी काठ आला, आणि न बघता ओळखता यावं म्हणून एका पट्टीला मखमल, एकीला पॉलिश पेपर असं चिकटवलं. ही पाटी हौसेरावांकडे जावी. तशी कोणी मागायला आलं, तर त्यांनी आधी त्या माणसाला खुर्चीत बसवून त्याचं काय हलतं ते बघावं, मगच लाकूड कापावं. मान हलत असेल तर पाटी मानेशी न्यावी; माणसाला पाटीकडे ओढू नये.

३. दीर श्यामसुंदर, राहणार ऐरोली, यांना पाटीला हात लावू देऊ नये. "वहिनी, याला मार्केट आहे, नाव खानविलकरच ठेवू," असं म्हणत ते ती मित्राला दाखवायला घेऊन गेले. परत आली तेव्हा स्क्रूच्या खाचा नव्याने चकाकत होत्या. माझं कोपर कुठे दुखतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांना माझ्या यजमानांची पेटी द्यावी. भाता फाटका आहे. तो त्यांच्याच हातून फाटला होता.

४. सून गीतांजली हिला काहीही देऊ नये. दिवाळीनंतर मी दुपारची झोपून उठले की पाटी जागेवरून सरकलेली असते, मखमलीची लव उलटी फिरलेली असते. बाकीच्यांसाठी निशांतने दुसरा रिमोट आणलेला आहे, मग पाटीशी काम कोणाचं? गीतांजली शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी येते, आणि पाटी शनिवारीच सरकते. श्यामसुंदर भावजींशी ती फोनवर हळू आवाजात बोलते. पाटीची मापं काढून ती त्यांना पुरवते, असा माझा पक्का संशय आहे. घर फिरलं की वासेही फिरतात.

येथपर्यंत आठ फेब्रुवारीला लिहून झालं. पुढचा मजकूर पंधरा तारखेचा. वरचं काही खोडू नका, असं मी जयमालाबाईंना सांगितलं आहे. खोडलं तर उद्या कोणी म्हणेल, म्हातारीचा हात धरून खोडून घेतलं.

५. काल शनिवारी जेवणानंतर मी जयमालाबाईंकडून पाटीवर टाल्कम पावडर भुरभुरवून घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. मापं घेणाऱ्याची बोटं उमटणारच. टीव्हीचा बारीक आवाज आला, तशी उठून बाहेर आले. गीतांजली माझ्या खुर्चीत बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले, आणि कोपरं पावडरीने पांढरी. पट्ट्यांवर बोट एकही उमटलेलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. दिवसभर कॉम्प्युटरवर आकडे भरायचे ना, आई. बोटं बधिर होतात. मनगटं जळतात नुसती."

"आणि भावजींशी काय कुजबुजतेस?"

"त्यांच्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर आहेत. घरात बोलू नका म्हटलं त्यांना. ह्यांना उगाच टेन्शन. आणि ऑफिसात कळलं तर काढूनच टाकतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचं दुखणं दिसतं, आई. माझं कोण मानणार?"

रोज सकाळी ती माझी वेणी घालते. दिवाळीपासून वेणी सैल येते, आणि दिवाळीपासून मी तिला रोज बोलते, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून. तिने एकदाही हात पुढे करून दाखवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. भावजींबद्दलचा माझा संशय मात्र कायम आहे. डॉक्टर सांगितला म्हणून स्क्रू माफ होत नाहीत.

६. म्हणून कलम चार रद्द. पाटी हौसेरावांऐवजी गीतांजलीची. ती माझ्या मापाची आहे, तेव्हा हौसेरावांनी गीतांजलीला खुर्चीत बसवून तिच्या कोपरांप्रमाणे ती नव्याने बांधावी. स्प्रिंगा हलक्या घालाव्यात.

७. पहिलं कलमही रद्द. घर गीतांजलीला, तिच्या एकटीच्या नावावर. निशांत, इथे तू वाचायचा थांबशील म्हणून सांगते: तुला घराबाहेर कोणी काढत नाही. तू वाईट नाहीस. पण बायकोचे हात दुखतात हे तुला दिसलं नाही, आणि मला दिसलं ते चोर धरायला गेले म्हणून. या घरात तिच्या बाजूने एक तरी कागद हवा. नोकरी ठेवायची की सोडायची, हे तिने स्वतःच्या घरात बसून ठरवावं.

८. मी जिवंत असेपर्यंत हे मृत्युपत्र गीतांजलीला दाखवू नये. आज सकाळीही वेणी सैल होती. मी काही बोलले नाही. घर मिळणार हे कळलं, तर ती उद्यापासून दुखत्या हातांनी वेणी घट्ट घालू लागेल. मला सैलच चालते.

खालची सही मी पेन मनगटाला बांधून स्वतः केली आहे. माझ्या अंगठ्याचा कागद कोणी पुढे आणला, तर तो माझा नव्हे. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आहे, आणि त्यांना सह्या करताना मी पाहिलं आहे.

ठिकाण: सानपाडा, नवी मुंबई
दिनांक: १५ फेब्रुवारी १९९८

(सही) वैजयंती रघुनाथ खानविलकर

साक्षीदार:
१. (सही) जयमाला पुरुषोत्तम ठोसर, सानपाडा
२. (सही) हौसेराव ज्ञानू पिसाळ, सानपाडा