तोंडाला आलेली लोखंडी चव

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (खाली वाकलं की हिरडी ठणकते, म्हणून तूर्त मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का, की अजूनही त्यांच्या आधी तोच दारापर्यंत पोचतो? इकडे माझं तोंड सोडलं तर सर्व क्षेम. मी रजेवर आहे. रजा मी घेतलेली नाही, मला दिलेली आहे, आणि या दोन्हींत काय फरक असतो ते तुला पुढे कळेलच.

आमच्या कंपनीत चहाची चव घेणाऱ्यांची एक वेगळी खोली आहे. (तुझ्या शेजारणीला अजून वाटतं, की मी चहा पिण्याचा पगार घेतो. तिला सांग, पिण्याचा नव्हे, थुंकण्याचा.) लांब टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग, प्रत्येकीत वेगळ्या मळ्याचा चहा, चमचाभर घ्यायचा, जोरात भुरका मारून टाळूपर्यंत न्यायचा, बाजूच्या उंच भांड्यात थुंकायचा आणि पुढच्या वाटीकडे वळायचं. या खोलीचा जुना दंडक असा, की कामावर येताना अत्तर नको, कांदा नको आणि सकाळी टूथपेस्टही नको, कारण तिचा पुदिना जिभेवर ठाण मांडून बसतो. मी जरा जास्तच निष्ठावंत निघालो. रात्रीची पेस्ट सकाळपर्यंत रेंगाळते अशी शंका येऊन मी तीही सोडली आणि कोमट पाण्याच्या चुळांवर आलो. कोरडा ब्रश फिरवला की हिरडीतून रक्त यायचं. जखमेला सारखा हात लावू नये म्हणतात, म्हणून मी रक्ताची जागा वगळून घासू लागलो. हळूहळू वगळलेल्या जागाच इतक्या झाल्या की ब्रशला काम उरलं नाही.

पुढे एके दिवशी एका उत्तम मळ्याच्या चहाला लोखंडाची चव लागली. मी शेरा मारला, 'धातूची चव, माल परत'. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मळ्याच्या चहाला तीच चव. माझ्या जिभेवर कंपनीचा भरवसा, त्यामुळे पाण्यावर संशय गेला. किटल्या बदलल्या, नळ बदलले, भिंत फोडून पाइप बदलले. बिचाऱ्या प्लंबरला सगळ्यांनी फैलावर घेतलं, आणि मी तर सर्वांत पुढे होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, पण चोर कोण हे चोरालाच माहीत नव्हतं. शेवटी आमचे मुख्य (पाठीमागे आम्ही त्यांना घोटसाहेब म्हणतो) माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्याच वाटीतला चहा त्यांनी चाखला, मग माझ्या चमच्याकडे पाहिलं. चमच्याच्या कडेला गुलाबी रेघ होती. ते शांतपणे म्हणाले, ''माल चांगला आहे. तोंड खराब आहे.'' इतका अचूक शेरा मी उभ्या आयुष्यात लिहिलेला नाही.

मग दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालायला आणि मदतनीस मुलीला आकडे सांगायला सुरुवात केली, ''तीन, चार, पाच, सात.'' आमच्याकडे सात म्हणजे फार वरचा माल, त्यामुळे मी खुर्चीत जरा सुखावलो. नंतर कळलं, की ते गुण नव्हते, हिरडी दातापासून सुटून झालेल्या खड्ड्यांची खोली होती. बाईंनी समजावलं ते असं. तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात, त्यातले बरेचसे निरुपद्रवी. पण दात घासले नाहीत, की हिरडीच्या कडेला त्यांचा चिकट थर बसतो, तो कडक होतो, आणि भटाला दिली ओसरी या न्यायाने ते हिरडीच्या खाली पाय पसरतात. तिथून ते विषारी द्रव्यं सोडतात. आपल्या रक्तातले शिपाई त्यांच्यावर धावून जातात, हिरडी सुजते, आणि त्या मारामारीत सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणजे हिरडी आणि दाताखालचं हाड आपल्याच माणसांच्या हातून झिजतं. या सगळ्यात फारसं दुखत नाही. आजार हत्तीच्या पावलांनी येतो म्हणतात. हा मुंगीच्या पावलांनी आला. आणि रक्त येतं म्हणून ती जागा सोडायची नसते, तिथेच हलक्या हाताने घासायचं असतं. (हे सांगताना बाई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, त्या नजरेने मी ओल्या गोदामातल्या चहाकडे पाहतो.)

खालचे पुढचे दोन दात हलताहेत. हिरडीखालची खोल सफाई आत्ता झाली तर टिकतील, रेंगाळलो तर नाही, असं बाईंचं म्हणणं. घोटसाहेबांनी महिनाभराची मुदत दिली आहे. तोवर तोंड ठीक झालं तर माझी वाटी माझी, नाहीतर बांधणी खात्यात खोकी मोजायची. पण तू काळजी करू नकोस. अर्धी सफाई मी हूं की चूं न करता करून घेतली आहे, दोन्ही वेळा नेमाने ब्रश करतो आहे, आणि एकंदरीत या प्रकरणाकडे मी परक्याच्या तोंडाकडे पाहावं तसा पाहतो आहे. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. वर 'अर्धी सफाई' लिहिलं आहे ते तितकंसं खरं नाही. बाईंनी सुई हातात घेतली तेव्हा खाली कोणीतरी माझी वाट पाहत आहे असं मला एकदम आठवलं आणि मी उठून आलो. कोणी नव्हतं. आता सोमवारची वेळ दिली आहे. तू सहज इकडे येणार असलीस तर सोमवारी ये. नुसती बाहेरच्या बाकावर बसलीस तरी चालेल.

ता. क. (हे अक्षर माझं आहे, वन्सं.) पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. नव्या ब्रशचं पाकीट अजून फोडलेलं नाही. माझ्यासमोर हे शूर असतात, म्हणून माझा काही उपयोग नाही. तुमच्यासमोर गुमान बसतील. लग्न झाल्यापासून माझ्या चहाला यांनी रोज नावं ठेवली. पाणी जास्त उकळलं, पत्ती शिळी आहे, दूध घाईत घातलंस. गेले काही दिवस मुकाट्याने पितात. काल मी मुद्दाम पत्ती न घालता नुसतं गरम दूधपाणी दिलं, तेही ''छान झालाय'' म्हणून पिऊन टाकलं. मला फार भीती वाटते आहे, वन्सं. सोमवारी नक्की या.