भोपळ्याची वांझ फुले

सोनपेठजवळून, २३ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सुकेशनीचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोन पुरात गेला, म्हणून हे पत्र कंडक्टरकडे देत आहे.

रानातली माती वाहून गेली. म्हणून आम्ही साऱ्या घरांनी मिळून विहारामागे दुधी भोपळा लावला. संध्याकाळी मांडव फुलतो, पण बोटाएवढा भोपळा पिवळा पडून गळतो. असे का व्हावे? मास्तरच्या, म्हणजे तुझ्या, बहिणीने नुसता पालाच पोसला, म्हणून मुंजाजीकाका हसतात. भाजी आली नाही तर ते ऊसतोडीला निघणार, आणि आईही त्यांच्यासोबत जाते म्हणते. बाबांना नदीने नेल्यापासून तिला घासही गिळवत नाही. ती कोयता कसा पेलणार?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावलेली,
सुकेशनी

परभणी, २६ नोव्हेंबर

चि. सुकेशनीस अनेक आशीर्वाद.

प्रश्न फार नेमका विचारलास! भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुले येतात. नुसत्या लांब देठाचे ते नर. पाकळ्यांखाली इवला भोपळा असतो ते मादी. नराचे पराग पोचले नाहीत, तर वेल तो भोपळा स्वतःच टाकून देतो. म्हणून आधी नर फुले टिकतात का, ते पाहा. आईला थांबव.

तुम्हा दोघींच्या काळजीत,
सिद्धोधन

३० नोव्हेंबर

ती. दादास सप्रेम जयभीम.

नर फुले आईच्या ताटात सापडली. पुरात फुलझाडे गेली, म्हणून ती रोज भोपळ्याची फुले उमलताच खुडून बाबांच्या नावाने विहारात वाहते. कोणाचा भोपळा मोडू नये म्हणून खाली भोपळा नसलेली, वांझ तेवढीच निवडते! मी सांगितले, तर मांडवाखाली बसून राहिली. म्या माझ्याच हातानं समद्यांच्या तोंडचा घास काढला, म्हणाली. मुंजाजीकाका काल ऊसतोडीला गेले. दुसरी टोळी पुढच्या सोमवारी, आठ तारखेला निघेल. नर फुले राखली तर अजूनही भोपळे धरतील, हे आईला पटत नाही. लय शिकलेल्यांचं बोलणं नगं, डोळ्यानं दाव, म्हणते.

तुझी,
सुकेशनी

परभणी, २ डिसेंबर

चि. सुकेशनीस आशीर्वाद.

आईचे म्हणणे रास्त आहे. संध्याकाळी एकाच वेलावरची, नुकती उमलणारी दोन मादी फुले निवडा. एकावर, पराग पोचू नयेत म्हणून, कागदाची पिशवी बांधा. दुसऱ्यावर, पाकळ्या काढलेले ताजे नर फूल आईच्याच हाताने हलके फिरवू दे, आणि खूण म्हणून त्याच्या देठाला सैल दोरा बांधा. चार-पाच दिवस थांबा. तेवढे दिवस तिला जाऊ देऊ नकोस. मग दोन्ही भोपळे शेजारी धरून पाहा. कोणता हिरवा राहून फुगला आणि कोणता पिवळा पडला, ते तिलाच सांगू दे.

सिद्धोधन